भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आणि विद्यापीठाची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय यांवर आपण अधिकारी वक्त्यांची भाषणे ऐकलीत. त्यांच्या पंक्तीत भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाला बसविण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. विषय मात्र आम्हीच मागून घेतला. त्याचे कारण असे की, दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की मंडळातील कोणी ना कोणी आमच्याकडे येतात आणि विचारतात, "मुलाला फिजिक्समध्ये पुढे शिकायचे आहे. पहिल्या क्रमांकाचे विद्यापीठ कोणते?" प्रश्न सरळ आहे, परंतु त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, आणि त्याऐवजी काय विचारावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपली स्थिती थोडी निराळी आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी केंद्र सरकारच्या कचेरीत, कोणी दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी धरून या शहरात आले आणि इथलेच झाले. मुले घरी मराठी, रस्त्यावर इथली भाषा आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढली. वैद्यकी आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी अधिवासाच्या दाखल्याने आपल्यापैकी अनेकांना छळले आहे. महाराष्ट्रात आपण बाहेरचे आणि इथेही कधी कधी बाहेरचेच! भौतिकशास्त्राच्या वाटेवर ही अडचण पुष्कळच कमी आहे. राष्ट्रीय संशोधनसंस्थांच्या प्रवेशपरीक्षा अखिल भारतीय आहेत आणि त्यांत विद्यार्थ्याचे राज्य कोणते हे विचारले जात नाही. म्हणून ही वाट आपल्या मुलांस विशेष मोकळी आहे. मात्र या वाटेची माहिती डॉक्टर-इंजिनिअरच्या वाटेसारखी घरोघर नाही, ही तिची खरी अडचण होय.

विद्यापीठाच्या आधी विद्यार्थ्याचा विचार करू. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. करणे आणि पीएच.डी.कडे वळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एम.एस्सी. हे शिक्षण आहे; ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली परीक्षा, दोन वर्षांत पदवी. पीएच.डी. ही उमेदवारी आहे. तिथे पाच-सहा वर्षे एका प्रश्नाच्या मागे लागावे लागते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही त्याच्याशी झगडावे लागते. परीक्षेत पहिला येणारा मुलगा यात रमेलच असे नाही, आणि साधारण गुण मिळविणारी एखादी मुलगी प्रयोगशाळेतून घरी जाण्याचे नाव घेत नाही असेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा पालकांनी गुणपत्रिकेबरोबर मुलाचे हातही पाहावेत. तो कागदावर गणित मांडीत बसतो, की बिघडलेला रेडिओ उघडून बसतो? पहिल्याचा कल सिद्धान्ताकडे, दुसऱ्याचा प्रयोगाकडे. ज्याचा वेळ संगणकावर एखाद्या घटनेचे प्रतिरूप उभे करण्यात जातो, त्याची तिसरी जात अलीकडे चांगलीच वाढली आहे. विद्यापीठाची निवड या कलावरून सुरू झाली पाहिजे.

आपल्याकडे गाणे शिकणारा मनुष्य कोणत्या शहरात सर्वांत मोठे सभागृह आहे हे विचारीत नाही. कोणत्या घराण्याची तालीम घ्यावयाची आणि कोणाकडे घ्यावयाची, हे विचारतो. संशोधनाचेही बरेचसे तसेच आहे. सगळ्या शाखांत सारखेच श्रेष्ठ असे विद्यापीठ जगात विरळा. नावाजलेल्या विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा विभाग उत्तम असेल आणि खगोलभौतिकीचा एकही मार्गदर्शक तिथे नसेल. म्हणून वर्तमानपत्रांतून येणाऱ्या क्रमवाऱ्या संपूर्ण विद्यापीठाविषयी काही सांगतात, पण आपल्या मुलाच्या विषयाविषयी फार थोडे सांगतात.

आपल्याच देशातील उदाहरणे घेऊ. रेडिओ खगोलशास्त्रात काम करावयाचे असेल तर पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र डोळ्यांसमोर हवे. नारायणगावाजवळ खोडद येथे त्याची ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे. गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्र यांसाठी १९८८ साली स्थापन झालेली पुण्याचीच आयुका आहे. ग्रह आणि अवकाश यांच्या अभ्यासासाठी विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेली अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. शुद्ध सिद्धान्ताकडे ओढा असेल तर चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था आणि प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था आहे. कोलकात्यात १८७६ साली महेंद्रलाल सरकारांनी काढलेली, जिथे रामन यांनी आपले जगप्रसिद्ध संशोधन केले ती संस्था आजही चालू आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा आवाका मोठा आहे. २००६ पासून पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर येथे आयसर या संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे आपले कुटुंब देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, एखादे चांगले ठिकाण रात्रीच्या गाडीच्या अंतरावर सापडण्याचा संभव आहे.

या संस्थांची दारे उघडणाऱ्या परीक्षांची नावे घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असावीत. एम.एस्सी. आणि एकात्मिक पीएच.डी. यांसाठी जॅम, संशोधनसंस्थांतील प्रवेशासाठी जेस्ट, अधिछात्रवृत्तीसाठी नेट, आणि त्याखेरीज गेट. टाटा संस्थेची परीक्षा स्वतंत्र असते. एकात्मिक अभ्यासक्रमात बी.एस्सी.नंतरच प्रवेश मिळतो आणि वाटेत एम.एस्सी. पुरी होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास थेट पीएच.डी.साठी पात्र धरले जाते. संशोधनसंस्था पदवी स्वतः देते की दुसऱ्या विद्यापीठामार्फत, हेही विचारून ठेवावे. चेन्नई आणि प्रयागराज येथील ज्या संस्थांची नावे आम्ही घेतली, त्यांची पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ देते. यात कमीपणा काहीच नाही. फक्त आधी माहीत असले म्हणजे मागाहून गोंधळ होत नाही.

पैशाची गोष्ट आपण मध्यमवर्गीय माणसे हळू आवाजात बोलतो. ती आज मोठ्याने बोलू. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये असा दर लागू झाला, घरभाडे निराळे. पीएच.डी. करणारा मुलगा बापाच्या जिवावर शिकतो हा समज म्हणूनच चुकीचा आहे. कधी कधी अधिछात्रवृत्ती हाती पडण्यास महिने लागतात, तेवढी पुंजी मात्र घरातून तयार ठेवावी.

परदेशाच्या बाबतीत तर हा विचार अधिकच कठोरपणे केला पाहिजे. अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.साठी पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो. निवडलेल्या विद्यार्थ्याचे शिकवणीशुल्क सामान्यतः माफ होते, आणि पहिल्या वर्षांत खालच्या वर्गांना शिकविण्याबद्दल व पुढे संशोधनाबद्दल त्याला निर्वाहवेतन मिळते. नुसत्या एम.एस.चा खर्च मात्र बहुधा स्वतः करावा लागतो. हा भेद न समजल्यामुळे राहते घर गहाण ठेवून मुलास एम.एस.ला धाडणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.साठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या विद्यापीठाने प्रवेश दिला पण निर्वाहाची सोय केली नाही, त्याने सभ्य शब्दांत नकार दिला आहे असे समजावे.

तिकडचे अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमारास भरावे लागतात. तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि आपण काय करू इच्छितो हे सांगणारे एक निवेदन लागते. भौतिकशास्त्राची जी.आर.ई. ही विषयपरीक्षा २०२० नंतर पुष्कळ विभागांनी ऐच्छिक केली किंवा बंद केली; म्हणून प्रत्येक विभागाचा नियम स्वतंत्रपणे पाहावा. शिफारसपत्र लिहिणारा मनुष्य मुलाला खरोखर ओळखणारा असावा. ज्याने कधी मुलाचे काम पाहिले नाही अशा बड्या माणसाच्या पत्रापेक्षा, ज्याच्या प्रयोगशाळेत मुलाने एक उन्हाळा घालविला त्या साध्या शिक्षकाचे पत्र अधिक वजनदार ठरते. आपली तीन वर्षांची पदवी सर्वत्र पुरेशी मानली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. निर्वाहासह आलेला देकार स्वीकारावा की नाही हे ठरविण्यास तिथल्या बहुसंख्य विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यावयाची, असा परस्परांत ठराव केला आहे. त्याआधी कोणी घाई करू लागला तर भांबावून जाण्याचे कारण नाही.

अमेरिकेखेरीज जग आहे, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे शिकवणीशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यास दर सत्रास १५०० युरो द्यावे लागतात. तिथे पीएच.डी.ला साधारणतः एम.एस्सी. लागते, आणि संशोधकाला पुष्कळदा नोकराप्रमाणे वेतन मिळते. ब्रिटनमधील पीएच.डी. तीन-चार वर्षांत संपते, पण तीत सुरुवातीचे अभ्यासवर्ग कमी असल्यामुळे विद्यार्थी तयारीचा असावा लागतो. शिवाय परदेशाची हवा बदलत असते. २०२५ साली अमेरिकेत सरकारी संशोधननिधीविषयी अनिश्चितता निर्माण होताच काही विद्यापीठांनी त्या वर्षीचे पीएच.डी.चे प्रवेश कमी केले. म्हणून सर्व अर्ज एकाच देशात करणे शहाणपणाचे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाच-सहा वर्षे ज्याच्या हाताखाली काढावयाची तो मार्गदर्शक कसा आहे? याची चौकशी मुलीच्या स्थळाइतक्याच बारकाईने करावी, आणि ती त्या मार्गदर्शकाच्या सध्याच्या विद्यार्थ्यांकडे करावी. ते आठवड्यातून किती वेळा भेटतात? विद्यार्थ्यांना पदवी मिळण्यास किती वर्षे लागली? मध्येच सोडून कितीजण गेले, आणि का? निबंधावर विद्यार्थ्याचे नाव कुठे येते? आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? मार्गदर्शक निवृत्तीला आला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे जो विभाग मोकळेपणाने देतो तो बहुधा चांगला असतो. आणि एकाच मार्गदर्शकासाठी कुठेही जाऊ नये. मनुष्य दुसरीकडे जातो, आजारी पडतो, त्याचा निधी संपतो. ज्या ठिकाणी आपल्या विषयाचे निदान तीन मार्गदर्शक आहेत, ते ठिकाण बरे.

आमच्या परिचयातील एका मुलाची हकिगत इथे सांगितली पाहिजे. नाव, गाव आणि संस्था सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगा हाताचा कसबी. एका फार नामांकित संस्थेत त्याला एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. दुसऱ्या एका कमी प्रसिद्ध ठिकाणी त्याच्या आवडीची प्रयोगशाळा होती आणि तिथेही त्याची निवड झाली होती. पण घरात सर्वांनी नावाकडे पाहिले. त्याच्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. संस्थेत गेल्यावर कळले की, हव्या त्या प्रयोगशाळेत जागा नाही. त्याला ज्यांच्याकडे नेमले ते सिद्धान्ताचे अभ्यासक, आणि वर्षातील बराच काळ बाहेरगावी. तिसऱ्या वर्षी एम.एस्सी. घेऊन तो बाहेर पडला. त्यानंतर दोन वर्षे तो गणपतीला घरी आला नाही. ज्या मंडपात सत्कार झाला त्या मंडपात कोणाच्या तोंडाकडे पाहावे, हे त्याला समजत नव्हते. पुढे त्याने भाभा अणुसंशोधन केंद्राचा किरणोत्सारी भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम केला. आज तो कर्करोगाच्या एका रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा मोजून देण्याचे काम करतो. यंत्राशी आणि माणसाशी एकाच वेळी संबंध येणारे ते काम त्याला मनापासून आवडते. त्याचे आयुष्य फुकट गेले नाही. फुकट गेली ती लाजेची दोन वर्षे, आणि ती लाज आपल्यासारख्यांनीच त्याच्या खांद्यावर घातली होती.

म्हणून पालकांस विनंती की, पीएच.डी. अर्ध्यात सोडणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे मुलगा घरातून निघण्यापूर्वीच त्याला सांगावे. पीएच.डी. झालेल्या सर्वांनाच प्राध्यापकी मिळत नाही, हेही आधी बोलावे. पदवीनंतर दोन-तीन वर्षांच्या हंगामी नेमणुका एकामागून एक कराव्या लागतात आणि कायम जागा थोड्या असतात. जो हे ओळखून जातो तो संगणन, उपकरणनिर्मिती, वैद्यकीय भौतिकी किंवा अध्यापन यांपैकी एखादी वाट वेळीच पाहून ठेवतो.

लहान गावातून आलेल्यांना मोठी दारे बंद असतात, ही भीतीही मनातून काढावी. दीपक धर यांनी अलाहाबादेस बी.एस्सी., कानपूरच्या आय.आय.टी.त एम.एस्सी. आणि अमेरिकेत कॅल्टेक येथे पीएच.डी. केली, सांख्यिकी भौतिकीतील बोल्ट्झमन पदक २०२२ साली मिळविणारे ते पहिले भारतीय होत. थनु पद्मनाभन तिरुवनंतपुरमच्या महाविद्यालयात शिकले आणि पीएच.डी.साठी परदेशी न जाता मुंबईच्या टाटा संस्थेत आले. त्यामुळे त्यांच्या कीर्तीत काही उणे पडले नाही. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर प्रथम ऑस्टिनला गेले आणि पीएच.डी. त्यांनी १९७४ मध्ये शिकागो येथे पुरी केली. विषय तोच ठेवून जागा बदलता येते, हे त्यांच्यावरून शिकावे. रिचर्ड फाइनमन यांना तर पदवीनंतरही त्याच विद्यापीठात राहावयाचे होते. तेथील विभागप्रमुख स्लेटर यांनीच त्यांना प्रिन्स्टनला धाडले, आणि तिथे त्यांना व्हीलर हे मार्गदर्शक लाभले.

मुलींच्या पालकांस दोन शब्द. पुण्याच्या रोहिणी गोडबोले एस.पी. कॉलेजातून मुंबईच्या आय.आय.टी.त, तिथून अमेरिकेत स्टोनी ब्रूकला गेल्या, पीएच.डी. होऊन १९७९ मध्ये परतल्या, आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कणभौतिकीच्या मान्यवर संशोधक झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञानातील स्त्रियांच्या अडचणींवर त्यांनी आयुष्यभर लिहिले आणि काम केले. मुलीसाठी संस्था पाहताना वसतिगृह प्रयोगशाळेपासून किती दूर आहे, रात्री परतण्याची सोय काय, तक्रार ऐकणारी समिती जागी आहे की कागदावर, आणि त्या विभागात स्त्री प्राध्यापक किती आहेत, हे अवश्य विचारावे. "पाच वर्षांनी लग्नाचे वय काय होईल" हा प्रश्न विद्यापीठाच्या निवडीत आणू नये. मुलाच्या बाबतीत आपण तो आणीत नाही.

शेवटी मंडळाविषयी. विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचे चिरंजीव जयंतराव कोल्हापूरला जन्मले, पण वाढले बनारसला, आपल्या मुलांप्रमाणेच महाराष्ट्रापासून दूर. १९५७ मध्ये तिथे बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉईल यांचे शिष्य झाले. १९७२ मध्ये ते भारतात परतले आणि पुढे आयुकाचे संस्थापक संचालक झाले. मे २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. परंतु केंब्रिज म्हणजे काय, हे सांगणारे वडील घरातच होते, कारण ते स्वतः केंब्रिजला शिकले होते. आपल्यापैकी किती मुलांच्या घरी असा मनुष्य आहे? ज्या मुलीचे वडील मालगाडीचे गार्ड आहेत आणि आई पोळीभाजीचे डबे देते, तिला उद्देशाचे निवेदन कसे लिहावे हे कोणी सांगावे? ही उणीव एकट्या घराला भरून काढता येत नाही, मंडळाला येते.

पन्नास वर्षांत आपण सभागृह उभे केले, ग्रंथालय उभे केले, गणेशोत्सव चालविला. आमची सूचना अगदी साधी आहे. ग्रंथालयाच्या एका कपाटात एक वही ठेवावी. मंडळातील जो मुलगा किंवा मुलगी संशोधनासाठी कुठेही गेली असेल, तिने सुटीत आल्यावर त्या वहीत चार पाने लिहावीत: कोणती परीक्षा दिली, काय विचारले, पैसे वेळेवर मिळतात काय, मार्गदर्शक कसे आहेत, पुन्हा निवड करावयाची झाली तर काय करीन. जो अर्ध्यातून परतला त्यानेही लिहावे, किंबहुना त्याने अगत्याने लिहावे. आणि वर्षातून एक रविवार या मुलांनी धाकट्यांना जवळ बसवून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी चहाची व्यवस्था पाहावी आणि सल्ला देण्याचा मोह आवरावा, आम्हीही आवरू.

हिंगोलीजवळ औंढ्याला गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. ती चालू होईल तेव्हा तिला प्रयोगाचे, सिद्धान्ताचे आणि संगणनाचे तयार हात लागतील. आज बारावीच्या वर्गात बसलेली आपली मुलेमुली तेव्हा त्या वयाची असतील. त्यांच्यापैकी दोघांचे हात जरी तिथे लागले, तरी वहीचा खर्च वसूल झाला असे मंडळाने समजावे.